पहिली मूठ मातीची

लसूण सोलताना आपण काय करतो? गड्डा फोडतो आणि बाहेरच्या टपोऱ्या पाकळ्या आधी उचलतो. त्या सोलायला सोप्या. नखात साल अडकत नाही, चार पाकळ्यांत फोडणीपुरतं काम भागतं. आतल्या बारीक, काडीसारख्या पाकळ्या तशाच टोपलीत राहतात. त्या साठत जातात, त्यांना हिरवे कोंब येतात आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "टाकण्यापेक्षा कुंडीत लाव की!"

श्रोतेहो, मी साताऱ्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. सरासरी, प्रमाण, शेकडेवारी यांत मुलांनी चूक केली की लाल शाईनं गोल काढणारी बाई मी. पण स्वतःच्या परसात मी एक चूक सलग अठ्ठावीस वर्षं केली आणि ती दाखवून दिली माझ्या धाकट्या जावेनं. तिची शाळा सातवीत सुटलेली. आज त्या चुकीविषयी बोलायचं आहे.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं, पावसाचा भरवसा नसलेलं. १९७९ मध्ये लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा स्वयंपाकघरात शिरताच नजर वर गेली. आढ्याला, चुलीच्या बरोबर वर लसणाच्या वेण्या टांगलेल्या होत्या, धुरानं पिवळ्या पडलेल्या. माझ्या सासूबाई माळकरी होत्या. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण त्यांच्या तोंडात जात नसे. तरीही त्या चार महिन्यांत वेण्यांवर त्यांचं जेवढं लक्ष असे, तेवढं दुभत्या म्हशीवरही नसे. एक दिवसाआड हात लावून बघायच्या. गड्डा मऊ लागला की काढून बाजूला. दसरा झाला की वेण्या खाली उतरायच्या. आत्याबाई सूप घेऊन ओसरीवर बसायच्या आणि पाकळ्या मोकळ्या करताना दर वर्षी एकच वाक्य म्हणायच्या, "पयली मूठ मातीची, मागनं तोंडाची."

१९९० मध्ये आम्ही साताऱ्यात छोटंसं घर बांधलं. वास्तुशांतीला आत्याबाई आल्या त्या पिशवीतून लसणाच्या दोन वेण्या घेऊन. "पोरी, ह्यो मोडू नगंस," एवढंच म्हणाल्या. घरामागं दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा एक वाफा बसेल एवढी जागा होती. तिथं मी तो लसूण लावला आणि पुढं दर वर्षी लावत राहिले. 'पहिली मूठ मातीची' हे मी व्रतासारखं पाळलं. लावणीच्या दिवशी वाफ्याच्या एका कोपऱ्यात मूठभर पाकळ्या ठेवायच्या, वर हळदीकुंकू वाहायचं, नमस्कार करायचा. मग टोपलीत उरलेल्या, कोंब आलेल्या पाकळ्या घेऊन वाफा भरायचा. मोठ्या पाकळ्या तोवर भाजीत गेलेल्या असायच्या. नोकरी, दोन मुलं, घरकाम यात सोलायला सोपं तेच आधी संपणार!

२००४ मध्ये गावाकडं वाटण्या झाल्या. जमिनीचं निभावलं, पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरांत बोलाचाली झाली. शब्दाला शब्द वाढला. दोन वर्षांनी आत्याबाई गेल्या आणि जाणं-येणं जवळजवळ थांबलं. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर "बरं हाय का?" एवढंच. बाकी सगळ्याची वाटणी झाली, पण लसणाचा विषय कुणी काढला नाही. तो माझ्याकडंही होता, धाकटीकडंही होता.

२०१२ मध्ये मी निवृत्त झाले. हाताशी वेळ आला आणि जुनी सवय उचल खाऊ लागली. मोजमाप करायची सवय. मी एक दोनशे पानी वही घेतली आणि ठरवलं, वेगवेगळे लसूण शेजारी शेजारी लावून बघायचे. कोणता मोठा होतो, कोणता टिकतो, कोणता तिखट, सगळं लिहून ठेवायचं.

इथं लसणाचा स्वभाव थोडा सांगायला हवा. मेथी, कोथिंबीर, मिरची यांना बी येतं. आपल्याकडच्या लसणाला पेरण्याजोगं बी येतच नाही. १९८०च्या दशकात जपानी संशोधकांना मध्य आशियात, म्हणजे लसणाच्या मूळ मुलखात, बी धरणारी काही झाडं सापडली. पण जगभर शेतात लावतात ती पाकळीच. पाकळीपासून झाड, झाडाखाली गड्डा, गड्ड्यात पुन्हा पाकळ्या. म्हणजे माझ्या वाफ्यातला लसूण हा आत्याबाईंच्या लसणाचा वंशज नव्हता. तो तोच लसूण होता, वर्षावर्षाला मातीत जाऊन परत येणारा. याची दुसरी बाजू अशी की बी डबीत भरून काही वर्षं ठेवता येतं; लसूण ठेवता येत नाही. एक हंगाम चुकला, पाकळी वाळली किंवा कुजली, की संपलं.

तर पहिल्या वर्षी मी चार वाण जमवले. पहिला आमचा गावरान. गड्डा लहान, सालीवर जांभळ्या रेघा, पाकळ्या चोवीस-पंचवीस. दुसरा 'गोदावरी', राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा, जांभळट छटेचा. तिसरा 'यमुना सफेद', नावाप्रमाणे पांढराशुभ्र, पंचवीस-तीस पाकळ्यांचा. चौथा मंडईतून आणलेला, हिमाचलाकडचा म्हणून विकला जाणारा. मोठ्या गड्ड्याचा, दहा-बारा जाड पाकळ्यांचा. तो बघून मी मनात म्हटलं, हा सगळ्यांना मागं टाकणार.

वाफ्याचं गणित सोपं होतं. दोन ओळींत पंधरा सेंटिमीटर आणि दोन पाकळ्यांत दहा सेंटिमीटर अंतर धरलं, तर दहा बाय चार फुटांत सुमारे दोनशे चाळीस पाकळ्या बसतात. प्रत्येक वाणाला साठ. कोजागिरीनंतर लावणी, टोक वर आणि बूड खाली, बोटाच्या पहिल्या पेराएवढी खोल. शेणखत आधीच मिसळलेलं. पाणी हलकं पण नेमानं. मार्चमध्ये पात पिवळी पडून माना मोडू लागल्या की त्याआधी पंधरा दिवस पाणी तोडायचं आणि गुढीपाडव्याच्या सुमारास काढणी. काढलेला लसूण पातीसकट सावलीत सुकवायचा, मग वेण्या.

डोंगराकडच्या लसणानं माझी चांगली जिरवली. डिसेंबरात त्याची पात सगळ्यांत रुंद, सगळ्यांत हिरवीगार. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कौतुकानं दाखवायची. मार्चमध्ये उपटला तर खाली गड्डाच नाही! कांद्याच्या पातीसारखं जाड बूड, बस्स. चौकशी केल्यावर कळलं की लसूण दिवसाची लांबी बघून गड्डा धरतो. साताऱ्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, हिमाचलात सव्वाचौदा तासांचा. शिवाय आपला लसूण पोसतो जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे दिवस बारा तासांपेक्षाही लहान असताना. तिकडच्या वाणांना उन्हाळ्यातला मोठा दिवस आणि आधीची कडक थंडी लागते. ती खूण मिळालीच नाही, म्हणून बिचारा पात काढत वाट बघत राहिला. दुकानात दिसणारा मोठा लसूण लावून फसलेल्या मंडळींनी मातीला दोष देऊ नये. मी मात्र त्या पातीचा झुणका केला आणि तो छान झाला, हेही वहीत नोंदवलं.

पुढच्या वर्षी त्याच्या जागी 'भीमा पर्पल' आला. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला कांदा आणि लसणाचं संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, तिथला हा वाण. भाच्याकरवी मागवला. सोबत एक छापील कागद होता: दीड ग्रॅमच्या आसपासच्या, निरोगी, मोठ्या पाकळ्याच लावणीला घ्याव्यात, बारीक आणि पोचट पाकळ्या वगळाव्यात. मी तो कागद वहीत चिकटवला आणि गोदावरी, यमुना सफेद, भीमा पर्पल या तिघांच्या बाबतीत तंतोतंत पाळला. गावरानाला काय, तो घरचाच. तो टोपलीत उरलेल्या पाकळ्यांतून नेहमीसारखा लागत राहिला.

२०१८च्या पाडव्याला वहीतली सरासरी अशी होती. भीमा पर्पलचा गड्डा एकोणीस ग्रॅम, यमुना सफेद सतरा, गोदावरी सोळा, गावरान अकरा. पाच वर्षांपूर्वी गावरान तेरा होता. पातीवर फुलकिडे सगळ्यांत जास्त त्याच्यावर, करपाही त्याच्यावर. मी लाल शाईनं शेरा मारला: 'गावरान – आकार लहान, उत्पन्न कमी, घसरण चालू. पुढील वर्षी दोनच ओळी.' मुलाला नापास केल्यावर जरा वाईट वाटतं, तसं वाटलं. पण आकडे आकडे असतात, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्याच वर्षी जूनमध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं पुण्याला गेलो आणि चार महिने तिथंच राहिलो. साताऱ्याचं घर बंद. दारं-खिडक्या लावलेल्या, बाहेर पाऊस. सप्टेंबरच्या अखेरीस परतलो. कुलूप उघडताच कुबट वास आला. वेण्या वरून जागच्या जागी दिसत होत्या, पण हात लावला तर गड्डे कागदासारखे हलके. काही आतून पोकळ, काहींवर काळी बुरशी. चारी वाणांच्या वेण्या मी अंगणात पसरल्या आणि एकेक पाकळी दाबून पाहिली. यमुना सफेदच्या पंधरा-वीस पाकळ्या निघाल्या. गावरानाची एकही नाही.

तेव्हा लक्षात आलं की माझ्या वहीत एक रकाना राहून गेला होता. 'हरवला तर कुठून आणणार?' गोदावरी राहुरीहून पुन्हा आणता आली असती, भीमा पर्पल राजगुरुनगरहून. गावरानाला ना केंद्र, ना पाकीट, ना नाव. दोनच ओळी लावायचा शेरा मी मारला होता, आता तेवढ्याही उरल्या नव्हत्या. "ह्यो मोडू नगंस" हे शब्द मला त्या दिवशी दुपारभर ऐकू येत होते.

आमचे हे म्हणाले, "धाकटीला फोन कर." मी दोन दिवस केला नाही. चौदा वर्षांत मी तिला स्वतःहून एकदाही फोन केला नव्हता, आणि करायचा तो लसूण मागायला! शेवटी तिसऱ्या दिवशी केला. इकडचं तिकडचं बोलले, मुलीचं बाळ, पाऊसपाणी. मग सांगितलं. पलीकडं क्षणभर शांतता. मला वाटलं, आता विहीर निघणार. ती म्हणाली, "अक्का, त्यात काय? आत्याबाईंचं बी हाय, माझं थोडंच हाय! दसऱ्याला या आन् घिऊन जावा."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. धाकटी ओसरीवर सूप घेऊन बसली होती, अगदी आत्याबाई बसायच्या त्याच खांबाला टेकून. चूल आता नव्हती, पण वेण्या पडवीत वाऱ्याला टांगलेल्या होत्या. मी एक गड्डा हातात घेतला आणि बघतच राहिले. जांभळ्या रेघा त्याच, पण गड्डा माझ्या गड्ड्याच्या दीडपट. मी म्हटलं, "हा तोच लसूण?"

"मग कुठला असणार?" ती पाकळ्या मोकळ्या करत म्हणाली. तिच्यासमोर तीन ढीग होते. बाहेरच्या टपोऱ्या पाकळ्यांचा एक, मधल्यांचा दुसरा, काडीसारख्यांचा तिसरा. मी टपोऱ्या ढिगाकडं बोट करून विचारलं, "या चटणीला का?"

ती हात थांबवून माझ्याकडं बघू लागली. "अवो अक्का, ह्या लावायला. खायाला ह्या बारक्या. पयली मूठ मातीची, आत्याबाई सांगत न्हवत्या का?"

श्रोतेहो, मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही. अठ्ठावीस वर्षं मी त्या वाक्याला हळदीकुंकू वाहिलं होतं. तो नैवेद्य नव्हता, ती निवड होती. जे उत्तम ते आधी मातीला, उरेल ते आपल्याला. माझ्या वहीत चिकटवलेल्या छापील कागदावर जे लिहिलं होतं, तेच आत्याबाई दर दसऱ्याला तोंडी सांगत होत्या. कागदाचं मी ऐकलं, त्यांचं ऐकायचं राहून गेलं.

धाकटीनं ओटीत घालावा तसा रुमालात बांधून मोठ्या पाकळ्यांचा लसूण दिला. तो लावला आणि २०१९च्या पाडव्याला मोजला. सरासरी अठरा ग्रॅम. मग गणिताच्या बाईला स्वस्थ बसवेना. त्या दसऱ्याला मी त्याच गड्ड्यांतून साठ मोठ्या पाकळ्या निवडल्या आणि साठ बारीक. मोठ्या सव्वा-दीड ग्रॅमच्या, बारीक अर्ध्या ग्रॅमच्या. एकच वाफा, एकच खत, एकच पाणी. काढणीला मोठ्यांचे गड्डे अठरा ग्रॅम, बारकांचे अकरा. दुसऱ्या वर्षी मोठ्यांतल्या मोठ्या आणि बारकांतल्या बारीक लावल्या. मोठ्यांचे पुन्हा अठरा, बारकांचे नऊ. माझं अठ्ठावीस वर्षांचं काम मी दोन हंगामांत पुन्हा करून दाखवलं होतं.

याचं कारण फार गूढ नाही. पाकळी म्हणजे रोपाची शिदोरी. पहिले काही आठवडे कोवळं रोप त्या साठ्यावर जगतं. शिदोरी मोठी तर मुळं जोमदार, पात रुंद, आणि गड्डा धरायची वेळ येईपर्यंत झाड तयार. शिदोरी लहान तर झाड उशिरापर्यंत किरटंच राहतं. फुलकिडे आणि करपा त्याला जास्त सतावतात, आणि दिवस मोठा होऊ लागला की आहे त्या अंगावरच ते गड्डा धरतं. दुसरी गोष्ट विषाणूंची. बियातून वाढणाऱ्या बऱ्याच पिकांना दर पिढीत नव्यानं सुरुवात मिळते. पाकळीतून वाढणाऱ्या लसणात मात्र एकदा शिरलेले विषाणू पुढच्या गड्ड्यात जातात आणि वर्षागणिक साठत राहतात. म्हणून प्रयोगशाळेत झाडाच्या कोवळ्या शेंड्यापासून ऊतिसंवर्धनानं विषाणूमुक्त रोपं करतात. घरी आपल्याला तेवढं जमणार नाही. पण सगळ्यांत जोमदार झाडाचा गड्डा लावणीसाठी राखला, तर अशक्त झाडं आपोआप मागं पडतात. मी नेमकं उलट करत होते. वाण तोच होता, त्याला उतरती कळा लावत होते ते माझे हात.

यावरून वहीतली जुनी तुलनाही रद्द झाली. तीन वाणांना निवडक पाकळ्या आणि चौथ्याला टोपलीतला गाळ, अशी शर्यत लावून मी चौथ्याला नापास केलं होतं. २०२० पासून चारही वाणांना सारख्या मोठ्या पाकळ्या दिल्या. आता भीमा पर्पल वीस ग्रॅम, गावरान आणि यमुना सफेद अठरा, गोदावरी सतरा. म्हणजे गावरान पहिला आला असं नाही. उगाच घरचा म्हणून मी त्याला गुण वाढवून देणार नाही. पण पाडव्याला प्रत्येकाचे वीस गड्डे टांगले आणि दसऱ्याला मोजले, तेव्हा गावरानाचे सतरा शाबूत होते, गोदावरी आणि भीमा पर्पलचे पंधरा, यमुना सफेदचे बारा. सोलायला यमुना सफेद मला सगळ्यांत सोपा वाटला. गावरान सोलताना मात्र अजूनही जीव मेटाकुटीला येतो.

राहिली चव. इथंही आधी माझी चूकच झाली होती. गावरान मी खलबत्त्यात ठेचायची आणि बाकीचे सुरीनं चिरायची, आणि म्हणायची, "गावरानासारखा तिखट कुणी नाही!" लसणाची अखंड पाकळी हुंगून बघा, वास जवळजवळ नसतो. पाकळीत ॲलिइन नावाचा पदार्थ आणि त्याला बदलणारं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी फुटली की दोन्ही एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं. १९४४ मध्ये कॅव्हॅलिटो आणि बेली या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं. जितकं जास्त ठेचाल तितकं ॲलिसिन जास्त, तितका उग्रपणा जास्त. अख्खी पाकळी तेलात टाकली तर उष्णतेनं ते विकर निकामी होतं आणि लसूण गोडसर लागतो. म्हणजे एकच लसूण चिरला तर वेगळा आणि ठेचला तर वेगळा. आपल्याकडं संस्कृतात लसणाला 'रसोन' म्हणतात, सहा रसांपैकी एक आंबट तेवढा उणा असलेला. बाकीचे पाच रस त्यात असल्याचं सांगतात. त्यातला कोणता पुढं यायचा ते बऱ्याच अंशी खलबत्ता आणि कढई ठरवतात.

तेव्हा मी चारही लसूण सारखेच ठेचले, सारखंच मीठ घातलं आणि वाट्यांखाली आकडे लिहून आमच्या ह्यांच्यासमोर भाकरीबरोबर ठेवले. प्रत्येक वाटी चाखून, डोळे मिटून ह्यांनी तिसरी वाटी पुढं ओढली. "हा आपला! हा आईच्या हातचा. हजारात ओळखीन." वाटी उलटून पाहिली. भीमा पर्पल होता. राजगुरुनगरच्या शास्त्रज्ञांना याहून मोठं प्रशस्तिपत्र कोण देणार! आमचे हे अजूनही म्हणतात की मी वाट्या बदलल्या.

आता माझ्या वाफ्यात दोनच वाण असतात. निम्म्यात भीमा पर्पल, निम्म्यात गावरान. हिशेबही बदलला. एका गड्ड्यात लावणीजोग्या मोठ्या पाकळ्या साधारण आठ. दोनशे चाळीस पाकळ्यांना तीस गड्डे लागतात. म्हणजे काढणीतला आठातला एक भाग, तोही उत्तमातला, आधी वेगळा टांगायचा आणि त्याला स्वयंपाकघराचा रस्ता दाखवायचा नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हात लावून बघायचं. घर बंद ठेवायची वेळ आली तर वेणी शेजारी द्यायची.

२०२४ मध्ये लसूण किलोला चारशेच्या पुढं गेला, तेव्हा कॉलनीतल्या बायका माझ्याकडं लसूण मागायला येऊ लागल्या. मी दिला, पण एका अटीवर. मोठ्या पाकळ्या देते, त्या खायच्या नाहीत, लावायच्या. दोघींनी खाल्ल्या, तिघींनी लावल्या. प्रमाण वाईट नाही.

पण मला जास्त आठवतो तो त्याआधीचा, २०२२चा ऑक्टोबर. परतीचा पाऊस लांबला होता. एका संध्याकाळी गावाहून फोन आला. धाकटीनं लावलेला वाफा पाण्याखाली गेला होता, पाकळ्या जागीच कुजल्या होत्या, आणि घरात ठेवलेला लसूण लावणीत आणि खाण्यात संपला होता. "अक्का," ती म्हणाली, "माझं बी हाय न्हवं तुमच्याकडं?"

माझी लावणी त्या वर्षी पावसामुळंच रखडली होती. वेण्या अजून वरच होत्या. मी स्टूल घेऊन चढले. दुसऱ्या दिवशी एसटीनं गावी गेलो. विहिरीच्या पाळीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, सुटेल असंही वाटत नाही. पण दर दसऱ्याला आम्ही दोघी एकमेकींना एक मूठ देतो, म्हणजे एकीचा वाफा गेला तरी दुसरीचा असतो.

तुमच्या घरी वाफा नसेल, बारा इंची कुंडी असेल. तीत सात-आठ पाकळ्या सहज मावतात. येत्या दसऱ्यानंतर लावायच्या असतील तर तयारी आजपासून करता येईल. आपल्या भागात पिकलेला चांगला लसूण बघून ठेवा, आणि त्यातला गड्डा फोडाल तेव्हा सोलायला आतून सुरुवात करा. बाहेरच्या आठ पाकळ्या बाजूला राहू द्यात. बारीक पाकळ्या सोलायचा कंटाळा येईल. मलाही येतो.

(नभोवाणीवर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)